उतारावरच्या प्लॉटवर घराची उंची नेमकी कुठून मोजतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: रत्नागिरी शहराच्या कडेला १८ बाय २४ मीटरचा प्लॉट, पुढे रस्ता, आणि रस्त्यापासून मागच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, जमीन साधारण साडेदहा फूट उतरते. वडिलांना तळमजला अधिक एक असं घर हवंय आणि उताराचा फायदा घेऊन मागच्या अंगाला खाली दोन खोल्या. शेजारचे काका म्हणतायत आधी मुरूम टाकून प्लॉट रस्त्याला आणा, मग सर्व्हे करा, उंची आपोआप कमी भरेल. आर्किटेक्ट म्हणतोय सरासरी जमिनीपासून मोजायचं. आणि नगरपरिषदेत कुणीतरी उभ्या उभ्या सांगितलं की रस्त्यापासून मोजतात. तुमचा प्रश्न, यातलं खरं कोण बोलतंय.

मी आर्किटेक्ट आहे, कोकण आणि कोल्हापूर पट्ट्यात गेली सव्वीस वर्षं कामं करतोय, त्यातली निम्मी तरी उतारावरची. माझ्या मते तुमचा आर्किटेक्ट बरोबर आहे, नगरपरिषदेतला माणूस अर्धवट बरोबर आहे, आणि काका चुकीचे आहेत पण ते जे सांगतायत ते लोक सर्रास करतात हेही खरं. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

घराची उंची किती यावर भांडणं होतात तेव्हा सगळे वर बघत असतात, पॅरापेट धरायचा का, टाकी धरायची का वगैरे. भांडणाचं मूळ खाली असतं. टेप वर कुठे लावायचा हे नियमात बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय, टेपचा शून्य कुठे धरायचा तिथेच सगळी गंमत आहे. आणि हा शून्य प्रत्येक खात्याचा वेगळा असतो कारण प्रत्येकाला उंची वेगळ्या कामासाठी हवी असते.

मुंबई, एमआयडीसी, हिल स्टेशनच्या नगरपरिषदा असे अपवाद सोडले तर राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू आहे, तुमच्याकडेही तेच. त्यातली उंचीची व्याख्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या, म्हणजे एनबीसीच्या वळणावरच आहे. सपाट गच्चीचं घर असेल तर इमारतीच्या भोवतालच्या आणि तिला लागून असलेल्या जमिनीची सरासरी पातळी, तिथपासून शेवटच्या राहत्या मजल्याच्या गच्चीपर्यंत. यातले दोन शब्द महत्त्वाचे, 'लागून' आणि 'सरासरी'. लागून म्हणजे घराच्या भिंतीला टेकलेली जमीन, प्लॉटच्या पार मागच्या गडग्याजवळची नाही, समोरचा रस्ताही नाही. एनबीसीच्या व्याख्येत पुढे एक छोटंसं शेपूट आहे, 'किंवा प्राधिकरण ठरवेल ती पातळी'. नगरपरिषदेतला तो माणूस रस्ता म्हणाला तो या शेपटाच्या जोरावर. सपाट गावात रस्ता आणि जमीन एकच असते, त्यामुळे वर्षानुवर्षं रस्त्यापासून मोजायची सवय पडलेली असते आणि कुणाचं काही बिघडत नाही. उतारावर बिघडतं. म्हणून तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नका, आर्किटेक्टला सांगा की कुठली पातळी धरणार हे मंजुरीच्या नकाशावरच सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदात, लिहून घे.

आता आकडे घालून बघू, म्हणजे फरक किती पडतो ते कळेल. तुमच्या नेमक्या लेव्हल्स माझ्याकडे नाहीत, तुमच्या वर्णनावरून मी धरतोय. समजा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्याला आपण सोयीसाठी १००.०० मीटर म्हटलं, बाकीच्या पातळ्या त्यावरून. रस्ता ९९.८५ वर. घर ११ मीटर रुंद आणि १३.५ मीटर खोल. घराच्या चार कोपऱ्यांत जमीन अशी: पुढचा डावा ९९.४०, पुढचा उजवा ९९.२०, मागचा उजवा ९७.३०, मागचा डावा ९७.७०. चौघांची सरासरी ९८.४०.

जोतं पुढच्या उंच कोपऱ्यापासून ४५ सेंटिमीटर वर घेतलं की तळमजल्याची फरशी ९९.८५ ला येते. ३.१० चे दोन मजले, म्हणजे गच्ची १०६.०५ ला.

रस्त्यापासून मोजलं तर घर ६.२० मीटर. सरासरी जमिनीपासून मोजलं तर ७.६५. मागच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहून मोजलं तर ८.७५. घर तेच, वीट एक इकडची तिकडे नाही, आणि अडीच मीटरचा फरक. काकांच्या सल्ल्याने आधी भराव टाकून चारही बाजू ९९.४० ला आणल्या तर उंची भरते ६.६५, म्हणजे सरासरीपेक्षा बरोबर एक मीटर कमी. काकांचं गणित चुकलेलं नाही. फक्त तो एक मीटर तुम्ही मुरुमाचा विकत घेताय.

त्या मुरुमाचा हिशोब काकांनी केलाय का विचारा. १८ बाय २४ चा प्लॉट, मागे ३.२० मीटर, पुढे शून्य, सरासरी १.६० भराव. सुमारे ६९० घनमीटर, म्हणजे अडीचशे ब्रासच्या आसपास आणि हे दाबण्याआधी. मुरूम गौण खनिज आहे, त्याची रॉयल्टी आली, तहसीलदाराची परवानगी आली. मागे तीन मीटरची रिटेनिंग वॉल आली आणि कोकणातल्या पावसात तीन मीटर भिजलेला भराव अडवणारी भिंत म्हणजे चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) रचून भागत नाही, वीपहोल म्हणजे पाणी निचरायची भोकं ठेवून, मागे खडीचा थर देऊन नीट डिझाइन केलेली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पोट काढते. एवढं करून घराचा पाया भरावावर ठेवता येत नाही तो नाहीच, तो खाली मूळ जांभ्यापर्यंत न्यावाच लागतो. आणि मागच्या खालच्या खोल्या, ज्यासाठी उताराचा प्लॉट आवडला होता, त्या भरावात गाडल्या जातात. दोन मजली घराला उंचीची अडचणच नव्हती आणि ती सोडवायला एवढा खर्च. असो.

भराव आधी टाकून मग सर्व्हे दाखवला तर कायद्याने काय? व्याख्येत 'मूळ जमीन' की 'भरावानंतरची जमीन' हे एका शब्दाने लिहिलेलं नाही, तिथेच पळवाट आहे आणि तिथेच धोका पण. मी कायम मूळ जमीन धरतो. कारण शेजाऱ्याने तक्रार केली की पहिला प्रश्न हाच येतो, आधी जमीन कुठे होती, आणि ते लपत नाही, शेजारचा गडगा, जुनी झाडं, विहिरीचं तोंड, सगळे साक्षीला उभे असतात. आंब्याचं खोड दीड मीटर मुरुमात पुरलेलं दिसलं की कुणालाही कळतं.

यावरून आठवलं, माझा भाचा अमेरिकेत घर बांधत होता तेव्हा तिथला कोड मी त्याच्यासोबत बसून वाचला होता. तिथे या सरासरी पातळीला ग्रेड प्लेन म्हणतात आणि ते तयार झालेली जमीनच धरतात. पण भिंतीपासून जमीन बाहेर उतरत असेल तर भिंतीपासून सहा फुटांच्या आत, किंवा प्लॉटची हद्द त्याआधी आली तर हद्दीपर्यंत, जो सगळ्यात खालचा बिंदू असेल तो धरायचा. म्हणजे भिंतीला टेकवून मातीचा ढीग लावून उंची कमी दाखवायची सोय त्यांनी एका वाक्यात बंद केलीय. आपल्याकडे हे वाक्य असतं तर माझे कितीतरी वाद वाचले असते.

आता सरासरी काढायची कशी, कारण इथेही लोक घोळ घालतात. चार कोपरे घेऊन चारने भागणं हे उतार एकसारखा असेल तरच चालतं. कोकणात एकसारखा उतार मी फार कमी पाहिलाय. समजा तुमच्या डाव्या भिंतीच्या बरोबर मध्यावर जुना चिरे काढलेला खड्डा आहे आणि तिथे जमीन ९७.९० आहे. सरळ उतार असता तर तिथे ९८.५५ असती. भिंतीची लांबी धरून पुन्हा सरासरी काढली की एकूण आकडा ९८.४० वरून ९८.३१ वर येतो. नऊ सेंटिमीटर. तुमच्या घराला नऊ सेंटिमीटरने काय होणार असं वाटेल, थोडं पुढे बेसमेंटपाशी कळेल. पण शहरात बघा, एनबीसीत १५ मीटर आणि वर म्हणजे हायराइज, जास्त कडक नियमांची उंच इमारत, म्हणून बिल्डर लोकांच्या नकाशात १४.९५ उंचीच्या इमारतींची एक मोठी जमातच आहे. त्यातल्या एखाद्याला असा खड्डा निघाला की झाले १५.०४. म्हणून मी घराच्या बाह्यरेषेवर दर दीड-दोन मीटरला आणि जिथे जमीन मोडते तिथे प्रत्येक ठिकाणी रीडिंग घ्यायला लावतो.

आणि इथे एक गैरसमज: 'आमची मोजणी झालीय' असं प्रत्येक क्लायंट सांगतो. भूमी अभिलेखची मोजणी तुम्हाला हद्दी देते, लेव्हल देत नाही. त्या नकाशावर उतार नसतोच. उंचीसाठी टोटल स्टेशन नाहीतर साधी ऑटो लेव्हल लावून वेगळा कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउताराची मोजणी, करून घ्यावा लागतो. गवंड्याची पाण्याची नळी जोतं जुळवायला उत्तम, पण तिने काढलेल्या लेव्हल्स कुणी कागदावर मानत नाही.

सर्व्हेची सुरुवात बेंचमार्कपासून, म्हणजे ज्या पक्क्या खुणेवरून सगळ्या लेव्हल्स मोजायच्या तिथपासून. ही गोष्ट मी स्वतः ठेचा खाऊन शिकलोय. सुरुवातीच्या काळात लांज्याकडे एक काम होतं. सर्व्हेयरने प्लॉटमधल्याच एका मोठ्या जांभ्यावर लाल रंगाने खूण केली, आकडा लिहिला, फोटो काढला, आम्ही खूश. पंधरा दिवसांनी साइटवर गेलो तर दगड जागेवर नाही. जेसीबीवाल्याने साफसफाई करताना उचलून नवीन गडग्यात रचलेला, लाल खूण बाहेरच्या बाजूला, आकडा सुद्धा व्यवस्थित वाचता येतोय, फक्त जमिनीपासून चार फूट वर आणि प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला. तोपर्यंत अर्धी जमीन ढवळून झाली होती. जोते तपासणीला आलेल्या इंजिनियरने विचारलं मूळ जमीन कुठे होती दाखवा, आणि आमच्याकडे दाखवायला तो गडगा होता. तीन महिने गेले. तेव्हापासून माझा बेंचमार्क प्लॉटच्या बाहेर, सरकारी मोरीवर नाहीतर शेजारच्या जुन्या घराच्या जोत्यावर, आणि एक नाही दोन.

इथपर्यंत जरा गोळा करतो: शून्य म्हणजे घराला लागून असलेल्या जमिनीची सरासरी, ती भरावाआधीची धरा, रीडिंग भरपूर घ्या, बेंचमार्क हलणार नाही असा ठेवा. आता वरचं टोक.

तुम्ही म्हणालात वडिलांना कौलारू छप्पर हवंय. तर सपाट गच्चीचा नियम तुम्हाला नाही. उतरत्या छपराला उंची आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या रेषेपर्यंत, मोजत नाहीत, बाहेरच्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग छपराच्या उताराला जिथे मिळतो तिथपर्यंत मोजतात. पण जर त्रिकोणी भिंत रस्त्याकडे तोंड करून असेल तर वळचण (छपराची खालची कड) आणि आढं यांच्या मधोमध. आकड्यात: भिंतीचा माथा १०५.६०, वळचण १०५.४०, आढं १०८.२०. पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, रस्त्याकडे उतरत असेल तर तुमचं घर ७.२० मीटर. तेच छप्पर नव्वद अंशात फिरवून त्रिकोणी भिंत रस्त्याकडे केलीत तर ८.४०. छप्पर फिरवल्याने नियमातली उंची सव्वा मीटरच्या आसपास बदलली. जुनी कोकणी घरं बघा, बहुतेक पाखं पुढे पडवीवर उतरलेलं असतं, पागोळ्या अंगणात. त्यांनी ते पावसासाठी केलं, नियमालाही तेच सोयीचं पडतं.

तुमचा प्लॉट सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या नियंत्रित पट्ट्यात, नाही म्हणालात, बरं आहे, पण हे वाचणाऱ्या गुहागर-दापोलीच्या किंवा गोव्याकडच्या लोकांसाठी सांगतो, तिथे वरचं टोक वेगळं आहे. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी सीआरझेडच्या अटीत स्पष्ट लिहिलंय, आढ्याच्या सर्वांत उंच टोकापर्यंत ९ मीटर आणि तळमजला अधिक एक. याच घराचं आढं सरासरी जमिनीपासून ९.८० वर आहे. यूडीसीपीआरने ७.२० चं असलेलं घर त्या अटीत बसत नाही. मी अशी एक केस पाहिलीय जिथे नगररचनेच्या नकाशावरची उंची कॉपी करून सीआरझेडच्या अर्जात टाकली होती, दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आणि अर्ज मात्र परत.

सपाट गच्ची केलीत तर पॅरापेट, जिन्याची टोपी, टाकी यांना एनबीसीत सूट आहे, पॅरापेट दीड मीटरपर्यंत, जिन्याचं छप्पर तीन मीटरपर्यंत, पण या सगळ्यांचं मिळून क्षेत्र गच्चीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झालं की सूट गेली. गच्चीवर 'फक्त एक खोली' काढणारे इथे अडकतात.

विमानतळाजवळ मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे २०१५ चे केंद्राचे उंचीचे नियम, आणि त्यांचा शून्य समुद्रसपाटी. तुमच्या जमिनीची सरासरी बिरासरी त्यांना देणंघेणं नाही, इमारतीचं टोक समुद्रसपाटीपासून किती मीटर एवढंच विचारतात, आणि टोक म्हणजे लिफ्टची खोली, टाकी, अँटेना, विजेचा सळा सगळं धरून. टेकडीवरचा प्लॉट वीस मीटर उंच असेल तर तुमची इमारत वीस मीटर कमी, सरळ हिशोब. पुण्यात लोहगाव भागात लोकांना हे चांगलं माहीत आहे. रत्नागिरीतही विमानतळ आहे, दोन मजली घराला बहुधा अडचण येणार नाही, तरी प्लॉट कुठल्या पट्ट्यात येतो हे आर्किटेक्टला बघायला सांगा.

फायरवाल्यांचा शून्य मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्यांना शिडी लावायचीय. गाडी जिथे उभी राहणार तिथून वरचा माणूस किती उंच, संपलं. एका उताराच्या प्लॉटवर पार्किंगच्या स्टिल्टवर (नुसत्या खांबांचा खालचा मोकळा मजला) चार मजले, कागदावर १४.९०. अग्निशमनचा अधिकारी आला, पुढच्या फाटकातून आत आलाच नाही, गाडी फिरेल अशी जागा मागेच होती, तिथे उभा राहून म्हणाला इथून मोजा. १६.४० भरलं. बिल्डर सांगतोय साहेब स्टिल्ट धरत नाहीत, साहेब म्हणाले मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, काढताना नसतील धरत, माझी शिडी स्टिल्ट वगळून लागत नाही. मला तेव्हा राग आला होता, आता पटतं.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणखी एक शून्य आहे. निळ्या (मोठ्या पुराच्या) आणि लाल (त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीत हे लोकांना नीट समजलंय. तिथे जोतंच कधी कधी जमिनीपासून पुरुषभर वर जातं आणि घरमालक विचारतात आता उंची जोत्यापासून मोजायची ना. नाही, उंची जमिनीपासूनच. जोतं जेवढं वर गेलं तेवढी उंची वरच्या मजल्यांत कमी करा.

आता तुमच्या खालच्या खोल्या, जो मला तुमच्या प्रश्नातला खरा पेच वाटतो. आर्किटेक्टने 'बेसमेंट दाखवू' म्हटलंय असं तुम्ही लिहिलंय. बेसमेंट दाखवायचं कारण उघड आहे, ते एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात जेवढं बांधता येतं त्यात, धरत नाहीत असं गृहीत. पण बेसमेंट ही सुद्धा उंचीचीच व्याख्या आहे, फक्त खालच्या बाजूने. एनबीसीप्रमाणे बेसमेंटचं छत भोवतालच्या सरासरी जमिनीपासून किमान ०.९० आणि जास्तीत जास्त १.२० मीटर वर. आपल्या आकड्यांत तळमजल्याची फरशी ९९.८५, स्लॅब आणि फरशीची जाडी वीस सेंटिमीटर, म्हणजे खालच्या खोलीचं छत ९९.६५. सरासरी ९८.४०. फरक १.२५. पाच सेंटिमीटरने बाहेर. आणि तो खड्डा धरला तर १.३४.

मग लोक जोतं खाली घ्यायचा विचार करतात. करू नका. आत्ता तुमची फरशी रस्त्याच्या बरोबरीला आहे, हीच कोकणात काठावरची गोष्ट आहे. आणखी खाली गेलात की आषाढात रस्त्याचं सगळं पाणी थेट ओटीवर. आत्ताच्या लेव्हललाही मी पुढे आडवं गटार आणि त्यावर जाळी सांगेन. दुसरा उपाय घराची खोली १३.५० ऐवजी १२ करायची, मागचे कोपरे वीस सेंटिमीटर उंच जमिनीवर येतात, सरासरी ९८.५० होते आणि छत १.१५ वर, बसलं. खड्डा निघाला तर परत बाहेर. म्हणजे तुमच्या खालच्या खोल्यांचं भवितव्य कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी किती चिरे काढले यावर टांगलेलं.

आणि बसलं तरी बेसमेंटमध्ये राहता येत नाही. साठवण, पार्किंग, यंत्रं यासाठी ते असतं. तुमचे वडील तिथे झोपणार आहेत, खिडकीतून मागची आमराई बघणार आहेत. नकाशावर 'स्टोअर' लिहून खाट टाकायची हा प्रकार चालतो मला माहितीय, पण भोगवटा प्रमाणपत्राला, पुढे घर विकताना किंवा कर्ज घेताना तो खड्ड्यात घालतो. गंमत म्हणजे भाच्याच्या कोडने मोजलं तर हाच मजला आरामात बेसमेंट ठरतो, कारण त्यांची अट वरच्या मजल्याची फरशी सरासरीपासून सहा फुटांपेक्षा आणि कुठेही एका जागी बारा फुटांपेक्षा जास्त वर नको अशी आहे, आणि तिथल्या बेसमेंटमध्ये उजेड, हवा, बाहेर पडायची खिडकी दिली तर माणसं राहतात. पण आपण रत्नागिरीत आहोत.

मी असतो तर सरळ तो मजला म्हणून दाखवला असता, एफएसआयमध्ये धरून. तळमजला १४८.५० चौरस मीटर, वरचा तेवढाच, झाले २९७. खालचा मागच्या अर्ध्या भागात ७४ धरा. सगळं मिळून ३७१. प्लॉट ४३२ चा. नुसता एकास एक एफएसआय धरला तरी तुम्ही आत आहात. मग पाच सेंटिमीटरसाठी खोटं कशाला लिहायचं? ज्याला जागा कमी पडते त्याने बेसमेंटच्या खटपटी कराव्यात, तुम्हाला गरजच नाही. एकच फरक पडेल, कागदावर तळमजला कुठला आणि पहिला कुठला हे बदलेल, मागून बघणाऱ्याला घर तीन मजली दिसेल, तेव्हा मजल्यांच्या संख्येची काही अट तुमच्या लेआउटच्या मंजुरीत आहे का ते आधी वाचा. काही जुन्या लेआउटमध्ये 'तळ अधिक एक' असं लिहिलेलं असतं आणि मग या खोल्यांचा विचारच वेगळा करावा लागतो.

उताराबद्दल एक शेवटचं. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम, खोदाई, भराव यांना यूडीसीपीआरमध्ये मनाई आहे. तुमचे २४ मीटरला ३.२० म्हणजे १:७.५, तुम्ही सुटलात. पण हा सरासरी उतार झाला. मागच्या पाच-सहा मीटरमध्ये जमीन एकदम पडत असेल तर कंटूर नकाशावर तेवढा पट्टा वेगळा दिसेल आणि प्रश्न येईल. फोटोत मागचा भाग गवतामुळे नीट दिसत नाहीये.

तर आत्ता करायचं काम एवढंच, काकांना सांगा मुरुमाचे डंपर थांबवा. गवत कापून घ्या, जेसीबी नाही, माणसं लावून. सर्व्हेयरला बोलवा, मोरीच्या कठड्यावर आणि शेजारच्या जोत्यावर खूण करून घ्या, स्टाफ (लेव्हल घ्यायची आकड्यांची उभी पट्टी) धरलेला असताना मागे शेजारचं घर येईल असे फोटो काढा. लेव्हल्सचा नकाशा आणि लेआउटच्या मंजुरीची प्रत इथे टाकलीत तर डाव्या भिंतीपाशी खड्डा आहे की नाही ते मीही बघतो.